रिकामी पिशवी

माझी पिशवी काढली तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. गर्भाशयाला आमच्याकडे बायका पिशवीच म्हणतात. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना दोन गोष्टी सांगितल्या. वजन उचलायचं नाही, आणि चालायचं, रोज थोडं जास्त. दोन्ही लिहून मी कपाटाच्या दारावर चिकटवल्या. माझी शाळा सेलूपासून एसटीनं अर्ध्या तासावर होती आणि फाट्यावर उतरून पुढे तीन किलोमीटर कच्चा रस्ता. रजा संपेपर्यंत तेवढं चालता आलं नाही तर नोकरी सोडायची, असं यजमानांनी आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. मला सोडायची नव्हती.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या जिनिंगची लांब भिंत होती. तिच्यावर 'नामांतर झालेच पाहिजे' असं मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. पहिल्या दिवशी मी 'ना'पर्यंत गेले आणि परत फिरले. 'पाहिजे'पर्यंत पोचायला बरेच दिवस लागणार होते, पण ते हिशोबात धरलं होतं.

हिशोबात न धरलेली गोष्ट म्हणजे ओट्यावरच्या बायका.

"कुठं चालल्या, बाई?"

"फिरायला" हे उत्तर कुणाला पटत नव्हतं. फिरायला वकील जातात, डॉक्टर जातात. सासूबाई म्हणाल्या, "लोक इचारायलेत, सून भांडून निघती का म्हणून." म्हणून मी हातात कापडी पिशवी घेतली. पिशवी दिसली की लोक समजतात बाजार, आणि विचारायचं थांबतात.

समोरच्या काकू मात्र थांबल्या नाहीत. "बाजारला चालल्यात तर पावशेर गूळ आणा की." दुसऱ्या दिवशी साबण. मग त्यांच्या जावेचं मीठ. बाजारला निघाले असं दाखवल्यावर नाही कसं म्हणणार? एका बाजाराच्या दिवशी भिंतीसमोरच्या दुकानांतून गूळ, तूरडाळ, मीठ आणि कुणाचा तरी धार लावलेला अडकित्ता घेऊन येताना 'झालेच'पाशी ओटीपोटात कळ आली. भिंतीला टेकून बसले. कशीबशी घरी आले तेव्हा काकूंनी पिशवी काढून घेतली.

"अगं माय! एक पिशवी काढली अन् दुसरी अडकवून घेतली की तुमी!"

त्या हसल्या. मीही हसले असते, पण टाके ओढत होते.

दोन दिवस झोपून गेले. तेवढ्यात यजमानांनी राजीनाम्याचा मसुदा लिहून उशाशी ठेवला. अक्षर सुरेख होतं.

पुन्हा उठले तेव्हा पिशवी खुंटीलाच राहू दिली.

"बाई, पिशवी इसरल्या!"

"विसरले नाही, काकू. कुठंच चालले नाही मी. नुसतं चालायलेय."

"नुसतं?"

"भिंत संपेपर्यंत. मग परत."

"काईच आणायचं न्हाई?"

"काहीच नाही."

काकू वळून जावेला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "आप्रेशन पोटाचं म्हणत्यात. मला तर डोक्याचं वाटायलंय."

हे गल्लीभर झालं आणि त्यानंतर कुणी काही विचारेना. सोय झाली. भिंत संपली, मग स्टेशन आलं, मग फाटकाच्या पलीकडची शेतं.

रजा संपल्यावर मी फाट्यावर उतरले. शाळेच्या गावचा एक गाडीवान बैलगाडी घेऊन उभा होता. "बसा बाई, गाडी रिकामीच हाय."

"आज नको. बघू दे."

"काय बघायचंय? रस्ता तर त्योच हाय."

वाटेत दोनदा बाभळीखाली थांबले. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन पहिला तास सुरू झाला होता. मस्टरवर सही केली आणि वर्गात गेले.

संध्याकाळी राजीनाम्याच्या मसुद्याची मागची कोरी बाजू काढली, तिच्यावर एसटीच्या वेळा उतरवल्या आणि आज ज्या गाडीनं गेले तिच्या आधीच्या गाडीखाली रेघ मारली. कागद कपाटाच्या दारावर लावला.