मीठ-कोळशाचा खड्डा

माझा भाऊ रामहरी आयनोस्फिअरचा प्राध्यापक आहे. ताडकळसच्या बाजारात हे सांगितलं, की लोक मान डोलावतात आणि विचारतात, "मंजे पाऊस कधी पडंल, ते सांगतेत का?" मी शाळेत विज्ञान शिकवते, पण आता समजावत बसत नाही.

सगळं सुरू झालं ते आण्णांच्या रेडिओपायी. आमचे वडील दत्तराव मेंढरं राखायचे, गळ्यात रेडिओ अडकवून. दिवसभर त्यावर परभणीशिवाय काही लागायचं नाही. दिवस बुडाला, की कुठली कुठली दूरची केंद्रं खणखणीत यायची. "दिवसा हे लोक झोपतेत का रं?" आण्णा विचारायचे आणि स्वतःच हसायचे. ते हसू मला अजून आठवतं.

भाऊनं सगळं आयुष्य त्या प्रश्नामागं घातलं. उंच आभाळात उन्हामुळं विजेचे थर तयार होतात, तेच आयनोस्फिअर. खालचा थर दिवसा रेडिओच्या लहरी गिळून टाकतो. दिवस मावळला, की तो विरतो आणि वरचा थर त्या लहरी जमिनीकडं परत पाठवतो. हे त्याला नीट कळलं, तेव्हा आण्णा राहिले नव्हते. मग पीएच.डी., परदेशातल्या परिषदा, दक्षिणेतल्या संस्थेत नोकरी. आमच्या वाट्याला दिवाळीचे चार दिवस.

अठरा वर्षांपूर्वी त्यानं आमच्या घरामागच्या रानात अँटेना उभी केली. शहरातल्या विजेच्या गोंगाटापासून लांब जागा हवी होती म्हणे. मला विचाराल, तर त्याला घरी यायला निमित्त हवं होतं. अर्थिंगसाठी, म्हणजे अँटेनाची तार जमिनीत उतरवायला, खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला आणि जाता जाता मायला म्हणाला, "ह्यात पाणी टाकत जा."

तो बोलून विसरला. आमची माय, भिवराबाई, विसरणारी नव्हती. रोज सकाळी शेळ्यांचं पाणी झालं, की एक घागर खड्ड्यात. टँकरच्या साली मी तिच्याशी कडाकडा भांडले. "प्यायला पाणी न्हाई अन् तू तारंला पाजायलीस?"

"त्यो तिकडं आभाळ बघायलाय," माय म्हणाली. "इथलं मी बघते."

भाऊच्या यंत्रावरच्या नोंदी इतक्या स्वच्छ यायच्या, की त्यानं शोधनिबंधात कारणही दिलं: इथली काळी माती वर्षभर ओल धरून ठेवते, त्यामुळं अर्थिंग पक्कं राहतं. वाचून मी कपाळावर हात मारला. चैत्रात आमच्या रानाला भेगा पडतात, त्यात शेळीचा पाय अडकतो. मेंढरामागं वाढलेला माणूस हे विसरला! पाण्याचं मात्र त्याला ठाऊक असेल, फक्त आईची घागर निबंधात कशी लिहायची म्हणून लिहिली नसेल, असं मी धरून चालले.

मागच्या पौषात माय गेली. शेळ्या विकल्या, घराला कुलूप लागलं. चैत्रात नोंदींत खरखर सुरू झाली. महिनाभरात सुधारणा नाही झाली तर अँटेनाचं केंद्र इथून हलवू, असं संस्थेनं कळवलं. भाऊचा फोन आला. "चंदा, हे गेलं तर गावात माझं काय राहिलं गं?"

तो आला. दोन दिवस केबल बदलली, यंत्र खोललं, साठीला टेकलेला माणूस खांबावर चढला. खड्ड्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तिथं कधी काही बिघडलंच नव्हतं ना! तिसऱ्या सकाळी मी म्हणाले, "पाणी टाकून बघ की. माय रोज टाकायची."

"रोज? का?"

"तूच सांगितलं होतंस."

तो खड्ड्याजवळ बसला. बाजूच्या भेगेत त्याचा हात मनगटापर्यंत गेला. मग उठून त्यानंच पाणी आणलं. अर्धं अंगावर, अर्धं खड्ड्यात, अशा सात घागरी जमिनीनं पिऊन टाकल्या. दुपारपर्यंत पडद्यावरची खरखर गेली. केंद्र वाचलं, पण भाऊ खुश होईना. हमसून हमसून रडला, आणि मीही.

संध्याकाळी त्यानं त्या निबंधाची दुरुस्ती लिहिली आणि मला वाचून दाखवायला लागला. "काळ्या मातीत ओल टिकत नाही. अठरा वर्षं ती माझ्या आईनं..."

पुढं त्यानं कागद माझ्या हातात दिला. उरलेलं मीच वाचलं.