भिंतीवरचा मामा

आम्ही आखातात मिरकाबला राहायचो तेव्हा वरच्या मजल्यावर एक जर्मन इंजिनीअर होता, आमच्या ह्यांच्याच कंपनीतला. त्याची म्हातारी आई त्याच्याकडे राहायला आली होती. एका शुक्रवारी आम्ही चहाला गेलो, तर भिंतीवर गणवेशातल्या एका पोराचा फोटो, फोटोत त्याच्या शेजारी बिनइंजिनाचं विमान, ग्लायडर. इंजिनीअर कौतुकानं म्हणाला, "हा माझा मामा."

हे लगेच खूश! "अरे, आम्हीपण कॉलेजात खाकी घालून परेड करायचो. तसंच की हे!"

"परेड संपली की घरी जेवायला यायचात ना?" म्हातारी म्हणाली.

मग मोडक्या इंग्रजीत मलाच सांगत बसली. भावाला उडायचं भारी वेड. नाझी आले आणि गावातला ग्लायडर उडवणाऱ्यांचा क्लब त्यांनी आपल्या संघटनेत ओढला. उडायचं असेल तर त्यांचाच गणवेश घालायचा. शिकवणं फुकट, म्हणून आईनं हौसेनं बिल्ला शिवून दिला. पुढं त्या पोरांनाच लढाईत नेलं.

"तसलं विमान शत्रूच्या मुलखात उतरतं, बाई. परत उडत नाही."

तिनं उठून फोटो काढला आणि पालथा ठेवला. मुलगा हसत म्हणाला, "आई, घराण्याचा मान आहे तो," आणि आमच्यादेखत परत टांगला. ती भिंतीकडे पाठ करून बसली. आम्ही मेले पाहुणे, हसत हसत चहा प्यालो.