असेसराचे मत

ठाण्याच्या सेशन कोर्टाचे समन्स घरी आले, तेव्हा वडिलांना धरून नेणार अशीच बातमी प्रथम गावात पसरली. कळव्याकडच्या आमच्या खाडीकाठच्या वस्तीत सरकारी कागद दुसऱ्या कशासाठी येत नसे. मी कॉलेजातून सुटीला घरी आलो होतो. कागद दोनदा वाचून मी सांगितले, की आरोपी म्हणून नव्हे, असेसर म्हणून बोलावले आहे. म्हणजे न्यायाधीशाशेजारी बसून खटला ऐकायचा आणि शेवटी आरोपी दोषी की निर्दोष, यावर आपले मत द्यायचे. वडिलांचा मिठागरात हिस्सा होता, थोडी भातशेती होती, सही करता येत होती. तेवढ्यावर त्यांचे नाव यादीत गेले असावे.

चुलते ओट्यावरून म्हणाले, "म्हंजे आता तू आन् साहेब एका रांगेला. बाजारात भेटलास तर वळख देशील ना रं?"

वडील हसले. मग मला विचारले, "खटला कुणाचा हाय?"

मी सांगितले. त्यांचे हसणे तिथेच थांबले.

खटला मास्तरांचा होता. मास्तर पूर्वी ठाण्यात शिकवत. मला मिठागरातून उचलून शाळेत बसवले ते त्यांनीच; "हा पोर मला द्या, मी परत करीन," असे वडिलांना सांगून. नोकरी सुटल्यावर ते एका लहानशा शिळाप्रेसवर साप्ताहिक काढू लागले. खाडीपलीकडच्या एका गावात मीठ खात्याचे शिपाई घराघरांत शिरले होते. किनाऱ्यावर आपोआप सुकलेले मीठ बायकांनी खरवडून आणले म्हणून मडकी फोडली, दोघींना दिवसभर चौकीवर बसवून ठेवले. मास्तर स्वतः जाऊन त्या बायकांना भेटले आणि जे ऐकले ते छापले. शेवटी लिहिले, की जे सरकार स्वतःला रयतेचे मायबाप म्हणवते, त्याला याची लाज वाटली पाहिजे. कोणी हात उगारावा असे त्यात एका ओळीतही नव्हते. त्याबद्दल राजद्रोह.

दुपारी वडील मला बांधावर घेऊन गेले.

"मी 'नाय' बोललो, तर मास्तर सुटंल?"

"तुम्ही दोन असेसर असाल. पण दोघांनी निर्दोष म्हटलं तरी साहेबानं ते ऐकलंच पाहिजे असं नाही, बाबा."

"मंग खुर्ची कशाला देतात?"

हे ज्यात वाचले, ते कायद्याचे पुस्तक मी एका मित्राकडे उभ्या उभ्या चाळले होते. माझे इंग्रजी कच्चे होते. आपण चुकीचे वाचले असावे, अशी खरे तर मलाही आशा वाटत होती.

"साहेब येडा नाय," वडील म्हणाले. "मानसं बोलवायची, बसवायची, विचारायचं, आन् ऐकायचं नाय? असं कोन करतो?"

दुसरे असेसर कल्याणचे होते, सरकारी नोकरीतून पेन्शनीत निघालेले. कोर्टात त्यांनी वडिलांना जवळ बसवून घेतले आणि हळूच सांगितले, "आपण फार बोलू नये. विचारतील तेवढंच."

मी मागे बसलो होतो. मास्तरांना आणले. त्यांनी वडिलांकडे पाहिले आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. ओळख दिसली तर आपल्यापेक्षा वडिलांनाच त्रास होईल, असे त्यांना वाटले असणार. खटला चालला त्या सगळ्या दिवसांत त्यांनी पुन्हा तिकडे पाहिले नाही.

शेवटी मत विचारायची वेळ आली. शिरस्तेदाराने साहेबाचे म्हणणे मराठीत सांगितले: लेखातली हकीगत खरी की खोटी, हा प्रश्न नाही, लेखामुळे सरकारविषयी लोकांत अप्रीती उत्पन्न होते की नाही, एवढेच सांगा. पेन्शनर उठले. पेन्शन सरकारचीच होती. तरी ते म्हणाले, "माझ्या मते दोष शाबीत होत नाही." आणि पटकन बसले.

मग वडील उभे राहिले.

"अप्रीती झाली, ती शिपाई त्या बायांच्या चुलीपातुर गेला तवाच झाली. मास्तरनी लिवायच्या आदी. त्या गावात कुनाला वाचता येत नाय. मंग मास्तरनी काय केलं? मास्तर निर्दोष हाय."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. साहेबाने शिरस्तेदाराकडे पाहिले. शिरस्तेदार इंग्रजीत एवढेच म्हणाला, की हेही निर्दोष म्हणतात. बाकीचे मी ऐकले होते, मला ते इंग्रजीत सांगता आले असते, बरे नाही तरी कसेबसे आले असते. पण मला कोणी विचारणार नव्हते.

साहेबाने दोघांचे आभार मानले. असेसरांशी आपण सहमत नाही, असे एका वाक्यात म्हटले आणि मास्तरांना दीड वर्षाची सक्तमजुरी दिली.

वडिलांवर कोणी राग धरला नाही. त्यांचा हिस्सा गेला नाही, घरी शिपाई आला नाही. त्यांच्या बोलण्याचा राग यावा इतकीही दखल कोणी घेतली नव्हती. पुष्कळ दिवस ते जेवता जेवता मध्येच थांबत आणि मला विचारत, "नाय ऐकायचं व्हतं, तर मना उभा कशाला केला?" मी शिकलेला, म्हणून मला विचारत. मी खाली पाहून जेवत राहत असे.

पुढच्या वर्षी पुन्हा समन्स आले. गेले नाही तर दंड. या वेळी आरोपी जंगलपट्टीतला एक अनोळखी माणूस होता, धान्य लुटल्याचा आरोप होता. मीही पुन्हा कोर्टात जाऊन बसलो. वडील सगळा वेळ छताकडे पाहत होते. मत विचारल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेबांचं जे मत, तेच माझं."

शिरस्तेदाराने हे मात्र शब्दन्‌शब्द सांगितले. साहेब प्रसन्न झाला आणि इंग्रजीत काही बोलला. त्या माणसाला सात वर्षे झाली.

खाडीकडे परतताना आम्ही तुरुंगाच्या भिंतीकडेने चाललो होतो. मास्तर अजून आतच होते. वडिलांनी विचारले, "साहेब मना काय बोलला?"

मी सांगितले, "असेसर समजूतदार आहे, असं म्हणाला."

वडिलांनी मान हलवली आणि होडी लागली आहे का ते पाहायला पुढे गेले.