कुंड्यांची तहान

आठवडाभर हंबीररावांचा पाय घरात ठरत नव्हता. फौजेतली सगळी नोकरी वायरलेस सेटपुढं काढलेला माणूस. निवृत्त होऊन मलकापूरला आल्यापासून ऊस हेच त्यांचं दैवत. आणि त्याच उसाला पोटची लेक परसात तहानेनं मारत होती, तेही शास्त्राच्या नावाखाली!

शिवांजली उसावर पीएचडी करत होती. कॉलेजच्या शेडची दुरुस्ती निघाली, म्हणून तिनं उसाच्या कुंड्या घरी आणल्या. निम्म्यांना पाणी, निम्म्या कोरड्या.

"आबा, पेशीत आरएनए असत्यात, निरोप नेणारे रेणू. त्यातल्या काहींपासनं प्रथिन बनत न्हाई. आदी समदे त्येंला बिनकामाचे म्हणायचे. पर पाणी तुटलं की त्येच बाकीच्या जनुकांना गप करत्यात, वाढ रोखत्यात. म्हणून तर ऊस तगतो. त्येच मला कोरड्या पानात धरायचेत."

हे हंबीररावांना चटकन पटलं. त्यांनी तरी कुठं गोळी झाडली होती? निरोप पोचवले, थांबा म्हणायचं तिथं थांबा म्हटलं. गावात मात्र 'बसून पगार खाल्ला' अशी कुजबुज. त्या बिचाऱ्या आरएनएची त्यांना मायाच वाटली. पण डोक्याला पटलेलं जिवाला पटेल तर ना! पानांच्या सुरळ्या झाल्या, शेंड्यांनी माना टाकल्या, तसा त्यांना घास गिळवेना.

नमुने घ्यायच्या दिवशी सकाळी शिवांजली पानं गोठवायला द्रवरूप नायट्रोजन आणायला कराडला गेली. हंबीररावांनी परसात येरझाऱ्या घातल्या, आत गेले, परत बाहेर आले आणि शेवटी मोटार चालू करून पाईप कोरड्या कुंड्यांत सोडला. घटकाभर जीव थंड झाला. मग घाईनं पाईप गुंडाळून ठेवला.

दुपारी ती कात्री घेऊन वाकली. उन्हानं वरची माती पुन्हा सुकली होती, पानांच्या सुरळ्याही उलगडल्या नव्हत्या. ते बोलले नसते तर तिला कळलंही नसतं.

"कापू नगंस," ते म्हणाले. "सकाळी पाणी पाजलंय म्या."

तिनं कात्री मातीत टाकली. "आबा! आतला समदा निरोप बदलला असंल आता. परत पैल्यापासनं लावायचं मी?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हंबीररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो म्हणावं, तर पुढच्या खेपेला पाणी न पाजण्याचं वचन आलं. आणि ते आपल्याच्यानं पाळवणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्यांनी मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"रोपं लाव परत. पर ही किल्ली तुज्याजवळ ठिव, पोरी. न्हाईतर मी परत पाजीन."