वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा

मी शाळेत गेलो दुसरीपर्यंत. तिसरीचं पुस्तक घरात आलं त्याच वर्षी वडिलांनी माझ्या हातात वखराचं रुमणं दिलं, आणि पुस्तक माळ्यावर गेलं. पण मला कुणी अडाणी म्हटलेलं खपत नाही. तेव्हाही खपत नव्हतं.

त्याला कारणही होतं. आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजारापासून पायी दोन-अडीच तासांवर. श्रावणात दुपारी मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एक म्हातारे गृहस्थ पोथी वाचायचे आणि अर्थ सांगायचो मी. ते एक ओवी म्हणायचे, थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मग मी ती आमच्या अहिराणीत फोडून सांगायचो. पुस्तकातली मराठी आमच्या बायामाणसांना कळायची नाही. घरात, शेतात, बाजारात सगळा कारभार अहिराणीत. त्यामुळे गावात पोथीला बसायचे ते माझ्यासाठी, असं मी समजायचो. अजूनही समजतो.

एक गोष्ट मात्र मी कधी बोलून दाखवली नाही. अर्थ मी नुसता कानानं ऐकून सांगायचो. ओवी ऐकली की पुरे. पोथी कुणी माझ्या हातात दिली असती, तर चार लोकांसमोर मला एक ओळ धड वाचता आली नसती. अक्षर ओळखायचो, पण बोट ठेवून, एकेक करत. घरात कुणी नसताना.

दुसरं महायुद्ध लागायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. माझी थोरली मुलगी तेव्हा चार वर्षांची. शहाद्याच्या बाजारात जुन्या वह्या-पुस्तकं विकणारा बसायचा, त्याच्याकडून मी पोरांच्या वाचनाचं एक पुस्तक आणलं. वरचं पान गेलेलं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. पण आत चित्रं होती, आणि अक्षरं चांगली टपोरी होती.

दुपारी भाकर खाऊन मी ओट्यावर टेकायचो आणि ती मांडीवर येऊन बसायची. मला वाचायची एकच रीत ठाऊक होती, पोथीची. मी बोट ठेवून एक ओळ वाचायचो, मग तिला अहिराणीत अर्थ सांगायचो. एक धडा मोटेच्या बैलाचा होता. 'दिवसभर पाणी काढूनही बैल तहानेलाच राहिला.' एवढं वाचायला मला एक विडी ओढून व्हायची. मग सांगायचो, "दिनभर मोट वढी, तरी बैल तिशाच ऱ्हायना." ती डोळे मोठे करून विचारायची, "काब्र? त्याले पानी कोनी नही दिनं?"

बायको चुलीपुढून टोमणा मारायची, "बाप पुस्तक वाची ऱ्हायना का नांगर हाकी ऱ्हायना? इतला हळू ते आपला बुढा बैलबी नही चालस."

मी म्हणायचो, "तू भाकर थाप. तुले काय समजस?"

होता होता पोरीनं माझं काम घेतलं. मी ओळ वाचली की तीच म्हणायची, "थांब, मी सांगस." अर्थ सांगताना ती हात असा पुढं करायची, अगदी मी देवळात करायचो तसा. पाच-सहा महिन्यांनी ती माझ्या बोटाच्या पुढं जायला लागली. मी एखाद्या अवघड शब्दाशी अडलो की ती तो शब्द सांगून मोकळी व्हायची. मी म्हणायचो, "माले येस. मी तुले इचारी ऱ्हायनू." ती मान डोलवायची. तिला पटायचं की नाही, देव जाणे.

सहा वर्षांची झाल्यावर मी तिला शाळेत घातलं. एक खोली, एक मास्तर. मास्तर पुण्याकडचे, नवे, स्वच्छ धोतराचे. माणूस वाईट नव्हता. पण आमची बोली त्यांना कळायची नाही आणि त्यांची पोरांना.

दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांनी तिला वाचायला उभं केलं. वर्गात आमच्या पुस्तकाची धड प्रत होती, तोच बैलाचा धडा. तिनं पहिली ओळ घडाघडा वाचली. मग ती थांबली, पोरांकडे वळली, हात पुढं केला आणि अहिराणीत अर्थ सांगितला. तिला वाटलं, वाचायचं म्हणजे असंच वाचायचं. मीच तसं शिकवलं होतं. सगळी खोली हसली. मास्तरांना वाटलं, पोरगी टवाळी करते आहे. त्यांनी तिला निंबाखाली नेऊन उभं केलं, शाळा सुटेपर्यंत.

त्या दिवसापासून तिचं तोंड बंद झालं. शाळेत जायची, बसायची, यायची. वाच म्हटलं की मान खाली. घरी ओट्यावर मी पुस्तक उघडलं तर तिनं माझा हात धरून ते मिटवलं. "पोऱ्या हासतस," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मन्हं काय चुकनं?"

चुकलं असेल तर माझं चुकलं होतं, आणि ते तिला सांगायला माझी जीभ उचलेना.

मास्तरांनी निरोप पाठवला, मुलगी मुकी बसते, परीक्षेला साहेब येतील तेव्हा मी काय दाखवू, नाव काढून घ्या. बायको म्हणाली, "बरंच झालं. दिवाळी झाली का कापूस येचाले चालेल. एक हात वाढी." ती चिडून बोलली नाही. आमच्याकडे सहा-सात वर्षांच्या पोरी कापसातच असायच्या. मला कळलं, आता हिनं मास्तरांपुढं तोंड उघडलं नाही, तर हिचं पुस्तकही माळ्यावर जाईल.

दुसऱ्या दिवशी डोक्याला धुतलेलं पागोटं बांधून मी शाळेत गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो, खोटं कशाला सांगू?

मास्तर म्हणाले, "भाऊ, जे छापलं आहे ते वाचणं म्हणजे वाचन. मध्ये मध्ये गावठी बोलणं म्हणजे वाचन नव्हे."

मी म्हटलं, "गुरुजी, आमच्या देवळात अर्थ सांगितल्याशिवाय पोथीचं पान उलटत नाही."

"ही शाळा आहे. देऊळ नाही."

"मग तुमच्या सगळ्यात हुशार पोराला विचारा, बैलाचं काय झालं."

मास्तरांनी पुढच्या बाकड्यावरच्या एका पोराला उभं केलं. त्यानं ओळ वाचली ती पाणी ओतावं तशी. मास्तरांनी विचारलं, "तहानेला म्हणजे काय रे?" पोरगा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तहानेला म्हणजे... बैल." त्याच्या घरी दोन मोटा चालत होत्या. तहानलेला बैल त्यानं रोज बघितलेला.

मी हसलो, आणि तिथंच फसलो. मास्तर लाल झाले. त्यांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. "ठीक आहे. मग तुम्हीच वाचा. दाखवा तुमची पद्धत."

इतक्या वर्षांत मी कुणासमोर वाचलं नव्हतं. 'चष्मा विसरलो' म्हणता आलं असतं, पण मला चष्मा नव्हता हे सगळ्या पोरांना ठाऊक. परत फिरलो असतो तर गावभर झालं असतं. आणि कोपऱ्यात ती बसली होती, गुडघ्यात हनुवटी घालून, माझ्याकडे बघत.

मी पुस्तक घेतलं. बोट ठेवलं. पहिली ओळ ओढत ओढत गेली. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. घाम पागोट्यातून कानावर आला. दुसरी ओळ. तिसरी ओळ होती, 'संध्याकाळी बैलाला...' आणि पुढं एक लांब शब्द. मी 'वि' म्हटलं. परत 'वि' म्हटलं. पुढचं अक्षर मला लागेना. खोलीत एक पोरगा फिसकन हसला.

"विश्रांती."

कोपऱ्यातून आवाज आला. ती उभी राहिली होती. "विश्रांती मिळाली," तिनं ओळ पुरी केली, आणि मग, सवयच ती, हात पुढं केला. "म्हंजे सांजले बैल सोडी दिना. आते त्याले इसावा."

"आमना बाप दुपारलेच सोडस," मागून एक पोरगा ओरडला. "आमनाबी," दुसरा. मग कुणाचा बैल मारका, कुणाचा आळशी, सगळी खोली एकदम बोलायला लागली. हसत होती, पण हे हसणं तिच्यावर नव्हतं. मास्तर एकेका पोराच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटतं, त्या पोरांना एवढं बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून तिला दिलं. "पुढं वाच."

तिनं एक ओळ वाचली आणि थांबली. मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अर्थ?" मास्तर म्हणाले. "अर्थ कोण सांगणार?"

तिनं सांगितला. नाव काढायची गोष्ट परत निघाली नाही. मास्तरांनी माझ्यापुढं हार मानली असं मी म्हणणार नाही, त्यांनीही कधी म्हटलं नाही. पण पुढं शनिवारी ते पोरांकडून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं, असं करून घ्यायचे; आणि वर्षभरात त्यांना स्वतःला मोडकीतोडकी अहिराणी यायला लागली. बायको कापसात एकटीच गेली. पहिले चार दिवस कुरकुरली, पाचव्या दिवशी पोरीला म्हणाली, "ते बैलनं वाची दखाड माले."

तीन वर्षांनी पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर सारा आला, अक्षर दिसेना. त्या श्रावणात पाटावर माझी नऊ वर्षांची पोर बसली. थोडी कुजबुज झाली, मुलीच्या जातीनं पोथी वाचावी का म्हणून. मी म्हटलं, ज्याला चालत नसेल त्यानं अर्थ ऐकायलाही येऊ नये. सगळे आले. ती ओवी म्हणायची, थांबायची, माझ्याकडे बघायची.

गावात अजून माझ्याबद्दल सांगतात, म्हातारा मोठा बेरकी, पोरीचं तोंड उघडावं म्हणून शाळेत मुद्दाम अडला. इतकी वर्षं मी ते सांगू दिलं. कुणी विचारलं तर मिशीत हसलो.

मुद्दाम अडलो नव्हतो. मला तो शब्द येत नव्हता. आता येतो, वर लिहिला आहे, कुणाला न विचारता.