शिवेवरची लस

आनंदराव कर्णिक हे काही डॉक्टर नव्हते. अठराशे ऐंशीच्या पुढेमागे सरकारने गावोगाव देवी काढायला जी माणसं नेमली, त्यांतले ते एक. कल्याणच्या कचेरीतून निघायचं, डोंबिवली, कोपर, दिवा अशी खाडीकाठची गावं पायाखाली घालायची आणि मुलांच्या दंडावर नस्तराने लस टोचायची, ही त्यांची नोकरी. बायका तोंडावर त्यांना डॉक्टर म्हणत आणि पाठ वळली की टोच्या. दोन्ही त्यांना ऐकू येई. ऐकू आलं नाही असं दाखवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती.

या कामाचं शिक्षण त्यांनी ठाण्याला सरकारी दवाखान्यात घेतलं. हात स्थिर राहावा म्हणून तिथे महिनाभर दुध्या भोपळ्यावर नस्तर चालवायला लावत. आनंदराव पहिल्या नंबराने पास झाले. पुढे खेड्यांत हिंडू लागल्यावर त्यांना कळलं की भोपळ्याला सासू नसते, आणि त्यामुळे निम्मी विद्या शिकायचीच राहून गेली आहे.

त्या काळी लस बाटलीत राहत नसे, मुलांच्या दंडावर राहत असे. एका मुलाला टोचलं की आठव्या दिवशी तिथे टपोरा फोड येई आणि त्यात पाण्यासारखी स्वच्छ लस भरे. नस्तराचं टोक त्यात बुडवायचं आणि दुसऱ्या मुलाच्या दंडावर टेकवायचं. दुसऱ्याचा फोड तिसऱ्याला. दिवस टळला की लस गढूळ होई आणि तिचा जीव जाई. म्हणजे सगळा कारभार एका मुलाने दुसऱ्याला, एका गावाने दुसऱ्या गावाला देण्यावर चालायचा.

त्या वर्षी मात्र वरून हुकूम आला, की मुंबईहून आता वासरावर वाढवलेली लस काचेच्या नळ्यांत भरून येणार, तेव्हा हातावरून हातावर टोचणं शक्यतो बंद करावं. नळ्या आल्या. दिसायला फार देखण्या होत्या, दोन्ही तोंडांना मेण लावलेल्या. मुंबईच्या थंड खोलीत त्या जिवंत असतीलही. माघातल्या उन्हात रेल्वेच्या डब्यातून, हमालाच्या डोक्यावरून आणि कचेरीच्या पत्र्याखालून आनंदरावांच्या हाती येईपर्यंत त्या मेलेल्या असत. आनंदरावांनी तसं लिहून कळवलं. "नळ्या सावलीत ठेवाव्यात," असं उत्तर आलं. सावली कुठून आणायची ते उत्तरात नव्हतं.

त्याच नळ्यांतली लस त्यांनी दिवा गावच्या कोळीवाड्यात टोचली होती. आठव्या दिवशी पाहिलं तर सगळे दंड कोरे. मंजुळा नावाची एक कोळीण आपल्या मुलीला, शालूला, कडेवर घेऊन पुढे आली. तिची आधीची दोन मुलं देवीच्या साथीत गेली होती. तिने शालूचा दंड उन्हात धरून उलटसुलट पाहिला.

"डॉक्टर, काय उठलं नाय."

"नाही उठलं. ही लस मेलेली होती."

"मंग जिती आणा."

"आणतो," आनंदराव म्हणाले. "कोपर गावात एखाद्या पोराला उठली की तुझ्या पोरीला मी स्वतः आणून टोचीन."

शब्द देऊन ते निघाले. पुढच्याच आठवड्यात दिव्यात देवी आली. पहिलं पोर आजारी पडलं ते मंजुळेच्या घरापासून तिसऱ्या घरात.

कोपरातही नळ्यांनी तोच दगा दिला होता. गावातल्या सगळ्या मुलांत एकाच दंडावर फोड धरला, तो काळुराम आगऱ्याच्या नातवाच्या, गणूच्या. आठव्या दिवशी सकाळी आनंदराव धावतपळत तिथे पोचले. फोड पाहून त्यांना मोत्याचा दाणा पाहिल्यासारखं झालं. ते म्हणाले, "चला, गणूला घेऊन दिव्याला जाऊ. संध्याकाळच्या आत परत आणून सोडतो."

काळुरामची बायको सखुबाई दारात उभी होती. दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा लावलेला होता, घरात देवी, म्हणजे आई, आली की लावतात तसा.

"कुठं जायाचं? आमचे घरान आई आयलीय."

"अहो, आई कसली? ही लस आहे."

"गेल्या खेपेला तुमीच बोललाव ना?" सखुबाईने विचारलं. "मी पोराला टोचू देत नव्हती, तवा तुमी काय बोललाव? आई मोठी होऊन कोपायच्या आधी तिला लहान करून बोलवू, मानाने दंडावर बसवू. बोललाव का नाय?"

आनंदराव बोलले होते. कोपरातच काय, गावोगाव बोलत होते. शास्त्र सांगून एकही बाई दंड पुढे करत नसे, आणि हे सांगितलं की करत असे. दवाखान्यात शिकवलं नव्हतं ते त्यांनी आपल्या डोक्याने काढलं होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"बोललो," ते म्हणाले.

"मंग आई बसलीय. आई घरात असताना घरातून काय बाहेर जात नाय. विस्तव नाय, मीठ नाय, झाडलेला केर पन नाय. नि तुमी तिलाच काढून न्यायला आयलाव!"

आत गणूला मांडीवर घेऊन त्याची आई गोदा बसली होती. ती हळूच म्हणाली, "फोडला तं पोराला मंग काय राहील?"

"सगळं राहील. त्याला मिळायचं ते मिळालं. फक्त एक थेंब हवाय."

"थेंबातच तं असतंय," सखुबाई म्हणाली.

आनंदरावांनी कायदा सांगून पाहिला. सरकारचं नाव घेतलं. काळुरामला बाजूला घेतलं, तर तो म्हणाला, "डॉक्टर, मिठागरावर माझं चालतंय. घरान नाय." शेवटी ते हात जोडून म्हणाले की दिव्याला एका पोरीचा जीव टांगलेला आहे. सखुबाईचे डोळे भरून आले. तिने त्या पोरीसाठी आईला नारळ बोलला. पण गणूला काही दिलं नाही.

गणू जात नाही तर शालूला इथे आणू, असं ठरवून आनंदराव खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, बांधावरून दिव्याला निघाले. भर दुपार होती. छत्रीचा एक गज मोडलेला, त्यामुळे एक खांदा उन्हातच राही. दिव्याच्या वाटेवर गावकऱ्यांनी दोन बांबू रोवून लिंबाचं तोरण बांधलं होतं. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. गावात आई आहे तोवर गावचं माणूस शीव ओलांडणार नाही.

मंजुळेचा सासरा दामाजी वाटेवरच जाळं सांधत बसला होता.

"तुमी कशे आत आलाव?"

"मी सरकारी माणूस."

"हां. आई पन तुमाला नको म्हनते."

मंजुळा धावत आली. आनंदरावांचे रिकामे हात पाहून तिचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं सांगितलं. कोपरात लस आहे, पण ती येत नाही. तेव्हा शालूला तिकडे न्यावं लागेल.

"शिवेच्या पल्याड पाऊल टाकू देत नाय कुनी," मंजुळा म्हणाली. "आईला सोडून पलाला तर ती पाठीमागं येते. एवढं मोठं तुमचं सरकार, आगगाडी आनली, तारा बांधल्या, नि एक म्हातारी ऐकत नाय?"

"नाही ऐकत."

"नि आगऱ्याच्या पोराचं आमचे पोरीला चालंल का?" दामाजीने मध्येच विचारलं.

"तुमची मासळी त्यांच्याच मिठात खारवता ना?" आनंदराव एकदम तडकले. "तेव्हा विचारता का मीठ कुणाचं?"

म्हाताऱ्याला हसू आलं. तो म्हणाला, "ते बरोबर हाय." पण तोरण काही त्याने सोडलं नाही.

परत फिरताना बांधावर आनंदराव एकटेच मोठ्याने बोलत होते. एका घरातून काही बाहेर जात नाही, आणि एका गावातून कुणी बाहेर येत नाही. मध्ये कोसभर खाजण. लस आहे, मूल आहे, नस्तर आहे, टोचणारा आहे. वरच्या साहेबांना हे कळवायचं तर कोणत्या शब्दांत? हातावरून हातावर शक्यतो टोचू नये असा हुकूम असताना, ते टोचायला मिळत नाही अशी तक्रार करायची!

दिवस मावळायच्या आधी ते पुन्हा काळुरामच्या ओट्यावर येऊन बसले. सखुबाईने पाणी दिलं. पाणी मात्र त्या घरातून बाहेर येत होतं, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

"गेलाव होताव?" तिने विचारलं.

"गेलो होतो. तिकडे मोठी आई आहे. तिला सोडून कुणी येत नाही."

सखुबाईने दारातल्या डहाळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिकडं थोरली, नि आमचे घरान धाकली."

"हो."

"बहिनीच त्या." सखुबाई आता गोदेकडे पाहून बोलत होती. "जत्रेला दोन गावच्या आया शिवेवर भेटतात ना? दोघींच्या पालख्या येतात. कुनी कुनाचे गावात जात नाय. बहिनीने बहिनीची ओटी भरली तर ते घरातून बाहेर गेलं असं होत नाय."

आनंदराव ताडकन उठले. "मग चला! आत्ता उजेड आहे."

"आत्ता? बुधवारी? भेट शुक्रवारी घालतात."

"सखुबाई, शुक्रवारी ती लस गढूळ होईल!"

"आईला कसलं गढूळ," सखुबाई म्हणाली.

त्यांनी पुष्कळ सांगितलं. फळाचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. वेळ टळली की नासतं, तसंच हे. सखुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि शुक्रवारच ठेवला. घरातली आई शिवेवर न्यायची ती आपल्या अटींवरच, असं तिने ठरवलं होतं. त्यात वार तिचा असणार, हे आनंदरावांना अखेर कबूल करावं लागलं. दामाजीला भेटीचा निरोप धाडून, त्याचा होकार आल्यावर मधला दिवस त्यांनी तळमळत काढला.

शुक्रवारी खाजणातल्या नाल्यावर कोपरची माणसं अल्याड आणि दिव्याची पल्याड उभी राहिली. गोदा गणूला घेऊन आली. त्याला नवं अंगडं घातलं होतं, कपाळाला हळद होती. पलीकडून मंजुळा शालूला घेऊन आली. तिच्यामागे आणखीही काही आया मुलांना घेऊन आल्या होत्या. सखुबाईने दहीभाताचा नैवेद्य पाण्यात सोडला. आनंदराव नाल्यात गुडघाभर पाण्यात उभे राहिले, कारण शीव नेमकी पाण्याच्या मधोमध होती.

त्यांनी फोडाला नस्तर टेकवलं. आलं ते पाण्यासारखं स्वच्छ नव्हतं, गढूळ पिवळसर होतं. एक शिवी त्यांच्या ओठापर्यंत आली. बुधवारी हेच मोत्यासारखं होतं. त्यांनी शालूच्या दंडावर तीन जागी टोचलं, मग दुसऱ्या मुलाला, तिसऱ्याला. चौथ्याच्या वेळी नस्तराला काही लागेचना.

"झालं?" मागच्या बायका विचारू लागल्या. "आमचं?"

"एवढ्यांपैकी एकाला जरी उठलं, तरी त्याच्यावरून तुम्हा सगळ्यांना देतो," आनंदराव म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी येईन. तेव्हा दिवस चुकवू नका. हात जोडतो."

आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तर म्हणाले, "गढूळ लस टोचून आलोय." ती म्हणाली, "मग टोचली कशाला?"

पुढच्या शुक्रवारी दिव्याच्या तोरणाखालून ते आत शिरले. तिसऱ्या घरातलं ते पोर वाचलं नव्हतं, आणि त्याच्या शेजारच्या घरातही आता आई होती. टोचलेली इतर दोन मुलं त्यांनी आधी पाहिली. दोघांचे दंड कोरे. पाय ओढत ते मंजुळेच्या दारी आले.

शालू ओट्यावर शंख-शिंपले मांडून खेळत होती. तिच्या दंडावर एकच फोड होता. एकच, पण टपोरा, भरलेला, स्वच्छ. आनंदराव तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी दंड जवळून पाहिला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. फोड होताच.

"वाचली तुझी पोर," ते म्हणाले.

मंजुळेने त्यांचे पाय धरले. वाड्यातल्या बायका एव्हाना मुलांना घेऊन जमल्या होत्या. आनंदरावांनी भरभर पेटी उघडली, नस्तर पुसलं. "चला, एकेक जण या. मंजुळे, हिला जरा मांडीवर घे. एक थेंब काढतो."

मंजुळेने शालूला उचललं, पण मांडीवर घेतलं नाही. ती उठून उंबऱ्याच्या आत गेली. पोरीचा दंड तिने पदराखाली झाकला. तेव्हा कुठे आनंदरावांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. चौकटीला लिंबाचा डहाळा होता.

"मंजुळे!"

"डॉक्टर, माझी दोन गेली," ती म्हणाली. "ही एकच हाय. हिला जे गावलंय ते मी काढून देऊ?"

"तू माझ्याकडे मागत होतीस ना? गोदेने तुला दिलं ना?"

"दिलं. तिचं सोनं होऊ दे. पन माझ्याच्याने नाय व्हायचं. घरात आई हाय."

ओट्यासमोरच्या बायकांतली एकही तिच्यावर रागावलेली दिसत नव्हती. तिच्या जागी त्या असत्या तर काय केलं असतं, ते जणू त्यांना ठाऊक होतं. एका बाईने फक्त आपल्या मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

आनंदरावांनी दाराकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं. फोड आज स्वच्छ होता. उद्या तसा राहणार नव्हता. त्यांनी जोडे काढून ओट्याखाली ठेवले, मोडकी छत्री मिटून भिंतीला टेकवली आणि उंबऱ्याच्या बाहेर मांडी घालून बसले.

"पाणी दे," ते म्हणाले. "आणि दामाजीला बोलाव. शेजारच्या घरातल्या थोरल्या आईची नि तुझ्या घरातल्या धाकलीची भेट कुठे घालायची, ते ठरवू. मात्र आजच. शुक्रवारच आहे."

मंजुळा तांब्या घेऊन आली. तो तिने उंबऱ्यावर ठेवला, पण पोरीला खाली ठेवलं नाही.