मशीनताईंचा शुक्रवार

लोक तिला मशीनताई म्हणत. फुप्फुसं कायमची निकामी झालेल्यांना घरी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन द्यायचं आणि ते चालवायला शिकवायचं, यात तिची बावीस वर्षं गेली. संस्था तिची, पण खरी संस्था म्हणजे तिचा फोन. कुठल्या गल्लीची लाइट दुरुस्तीसाठी जाणार असली की वीज कार्यालयातला वायरमन तिला आधी कळवायचा आणि ताई त्या गल्लीत सिलिंडर धाडायची. कागद नाही, सही नाही, सगळं ओळखीवर चाललेलं.

हे ओळखीवर का, कायद्यानं का नाही, हे तिच्या डोक्यात शिरलं आणि ती लोकसभेला अपक्ष उभी राहिली. पक्षवाल्यांनी हसण्यावारी नेलं. मशीनवर असलेल्या म्हाताऱ्या शिंप्यानं नाकात नळी असतानाच तिच्या पत्रकांच्या घड्या घालून दिल्या. ती निवडून आली, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. दिल्लीत राहून संस्था चालवणं जमणार नव्हतं, म्हणून किल्ल्या, गाडी, रुग्णांची यादी, सगळं तिनं धाकट्या जावेच्या हवाली केलं.

संसदेत अपक्षाला विचारतो कोण? तिचं विधेयक एका ओळीचं: मशीन असलेल्या घराची लाइट न कळवता बंद करायची नाही. सरकारनं न मांडलेल्या अशा विधेयकांना फक्त शुक्रवारची दुपार. दोन शुक्रवार आधीच्या वक्त्यांनीच खाल्ले. हा अधिवेशनातला शेवटचा. नियमाप्रमाणे फोन दाराशी खणात ठेवून ती सकाळपासून बसून राहिली, पाणी प्यायलाही उठली नाही. चार वाजता तिचा पुकारा झाला. ती उभी राहिली. अध्यक्षांनी माणसं मोजली, कामकाजाला लागणारी गणसंख्या नाही म्हणाले आणि सभागृह उठलं. बाकीचे घरच्या गाड्या पकडायला कधीच पसार झाले होते. चिडावं तर कोणावर, तेही तिला कळेना.

तिनं खणातून फोन काढला. पहिला चुकलेला फोन वायरमनचा, अकरा वाजताचा. पाठोपाठ त्याचा निरोप: शिंप्याच्या गल्लीची लाइट जाणार आहे. जावेचा नंबर त्याला द्यायचा राहूनच गेला होता. किल्ल्या दिल्या, यादी दिली, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर शिंप्याच्या बायकोचे नऊ फोन.

तिनं लगेच तिला फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर ऐकू आली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"काकू, लाइट आली ना?"

"तास झाला येऊन." काकूंचा आवाज अगदी शांत होता. "हे त्याआधीच गेले, ताई. मशीन आपलं चालूच आहे. ते बंद कसं करायचं तेवढं सांगा. तुम्ही कधी दाखवलंच नाही."

खरंच होतं. शेकडो घरांत तिनं मशीन सुरू करायला शिकवलं, बंद करायला एकातही नाही. तिनं बटण कुठे आहे ते सांगितलं आणि घरघर थांबेपर्यंत फोन कानाशी धरून ठेवला.